साउइनच्या रात्रीची तयारी

साउइन म्हणजे विक्का या आधुनिक निसर्गपूजक धर्मातला, गेलेल्यांच्या स्मरणाचा शरदातला सण. ३१ ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच घरी तो पाळणार असाल, तर आधी वेळ ठरवा. लंडनमध्ये त्या दिवशी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगेच हॅलोविनची पोरं खाऊ मागायला दार ठोठावू लागतात. त्यांच्यासाठी गोळ्या-चॉकलेटं दाराशी ठेवा, त्यात काही वावगं नाही. विधी मात्र नऊनंतर, दारावरचा दिवा मालवून. ऑस्ट्रेलियात असाल तर हे सगळं एप्रिलअखेरीस. तिथला शरद तेव्हा असतो.

आठवडाभर आधी फोटो शोधायला घ्या. विक्का मानणाऱ्यांच्या मते या रात्री जिवंत आणि मृत यांच्यातला पडदा सर्वांत विरळ होतो. म्हणून वेदीवर गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांची एखादी वस्तू, डाळिंब, सफरचंद आणि पाणी ठेवतात. सफरचंद आडवं कापा, मधोमध पाच टोकांची चांदणी दिसेल. मेणबत्त्या काचेच्या ग्लासात लावा. धुपाने भाड्याच्या घरातला स्मोक अलार्म कोकलू शकतो, तेव्हा खिडकी किलकिली असू द्या. विधीच्या जागेभोवतीचं वर्तुळ, म्हणजे मंडल, आखायची सुरी (अथामे) नसली तरी बोट चालतं. असलीच तर घरातच ठेवा. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय असं पातं घेऊन बाहेर फिरणं गुन्हा आहे.

खरी मेहनत जेवणावर घ्या. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, असं माझं मत. याला मूक भोजन म्हणतात: टेबलाच्या एका टोकाला मृतांचं ताट, रिकामी खुर्ची, आणि पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत कुणी बोलायचं नाही. म्हणून मीठ, पाणी, चमचे, जास्तीची पोळी, सगळं आधीच हाताशी मांडा. ऐनवेळी ‘लोणचं कुठंय?’ झालं की संपलं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पदार्थ गेलेल्यांच्या आवडीचे करा. आजीला भरलं वांगं आवडायचं तर भरलं वांगं. भोपळ्याचं सूपच हवं असा दंडक नाही. पितृपक्षाचं पान वाढलेल्या घरात हे फार समजावावं लागत नाही. नंतर ते ताट बागेत ठेवतात किंवा पुरतात, पण त्यात मनुका आणि चॉकलेट नकोत, कुत्र्यांना ती विषारी असतात.

जेवणानंतर गेल्या वर्षात जे सोडायचंय ते चिठ्ठीवर लिहून लोखंडी भांड्यात जाळा. शेजारी पाण्याचा तांब्या हवाच. बऱ्याच विक्कन परंपरांत देव या काळात मरतो आणि डिसेंबरात, यूल या हिवाळी सणाला, पुन्हा जन्मतो. मधले आठवडे देवीच्या वृद्ध रूपाचे. भविष्य पाहायची टॅरोची पानं मांडायची तर याच रात्री जेवणानंतर, पण झोप आली असेल तर सक्ती नाही. मंडल आखताना घड्याळाच्या दिशेने, मोडताना उलट. मंडलासाठी मीठ वापरलं असेल तर ते कुंडीत टाकू नका, झाड जळतं.

कोरलेला भोपळा दोन दिवसांत मऊ पडतो. त्यातलं मेण खरवडून काढा आणि मग भोपळा कंपोस्टात टाका.