झॅमलमध्ये खान्यांना, बटणांना नावं कशी द्यायची

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजचे प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची पद्धत, यात स्क्रीनवरचे खाने-बटणं झॅमल नावाच्या टॅगांच्या भाषेत लिहितात) बिलिंगचं सॉफ्टवेअर केलेलं, त्यात सगळ्या खान्यांची नावं टेक्स्टबॉक्स१, टेक्स्टबॉक्स२ अशीच ठेवलेली आणि कोडमध्ये नग नि भाव यांची अदलाबदल झाली. बिल बरोबरच निघायचं, कारण ४० नग गुणिले १२० रुपये काय नि १२० गुणिले ४० काय, रक्कम तीच, पण स्टॉकमधनं ४० च्या जागी १२० टॉवेल वजा होत गेले आणि गोडाऊनमध्ये मोजणी केली तेव्हाच कळलं.

तर आधी ठरवा नाव कुणाला पाहिजे. कोडमधनं ज्याला हात लावायचाय किंवा दुसऱ्या कंट्रोलला (म्हणजे खाना, बटण असा स्क्रीनवरचा भाग) एलिमेंटनेम वापरून ज्याच्याशी बाइंड करायचंय, म्हणजे एकातली माहिती दुसऱ्यात आपोआप यावी असं जोडायचंय, त्यालाच द्या, नुसतं 'भाव' लिहिलेल्या लेबलला कशाला? नाव कामावरनं ठेवा: नगबॉक्स, भावबॉक्स, बिलसेव्हबटण.

मग टॅगमध्ये एक्स:नेम (x:Name) लिहा. नुसतं नेम पण बऱ्याच ठिकाणी चालतं, पण त्याच प्रोजेक्टमध्ये बनवलेल्या यूजरकंट्रोलला (आपण स्वतः तयार केलेला कंट्रोल) ते दिलं की कंपाइलर अडवतो, म्हणून मी सगळीकडं एक्स:नेमच वापरतो. दोन्ही एकदम देऊ नका, एरर येतो.

नावाची सुरुवात अक्षरानं किंवा अंडरस्कोरनं, आकड्यानं नाही. मध्ये स्पेस नको, हायफन नको.

आता हे नीट समजून घ्या, बिल्ड करताना या नावाचं एक फील्ड (कोडमधलं व्हेरिएबल) आपोआप तयार होतं आणि इनिशियलाइझकंपोनंट (झॅमलवरनं स्क्रीन उभी करणारी ओळ) चालल्यावरच त्यात खरा खाना येऊन बसतो, त्यामुळं कन्स्ट्रक्टरमध्ये (विंडो बनताना चालणारा कोड) त्या ओळीच्या आधी नगबॉक्सला हात लावला तर तो नल, म्हणजे काहीच नसलेला, असतो आणि प्रोग्राम तिथंच पडतो.

चादरींच्या यादीसाठी डेटाटेम्प्लेट (यादीतली एक ओळ कशी दिसेल त्याचा साचा) केलं असेल तर आतल्या नावांचं फील्ड बनत नाही, कारण तोच टेम्प्लेट प्रत्येक ओळीला नव्यानं उभा राहतो. तिथं नाव शोधत बसण्यापेक्षा बाइंडिंग करा, सोपं पडतं.

नंतर नाव बदललं तर एलिमेंटनेममध्ये जुनं नाव राहिलंय का ते हातानं शोधा. तिथं चुकलं तर बिल्ड होतं, प्रोग्राम चालतो, फक्त खाना रिकामा दिसतो, आणि तक्रार व्हिज्युअल स्टुडिओच्या आउटपुट विंडोत पडलेली असते.