चौघांच्या लांबच्या विमानप्रवासासाठी स्वस्तात टिकाऊ बॅगा

दुकानात शिरण्याआधी तिकीट वाचा. काही विमान कंपन्या एकूण वजन मोजतात, काही नग. नगांच्या तिकिटावर इकॉनॉमीत बहुधा प्रत्येक बॅगेला 23 किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटीमीटर ही मर्यादा असते. ही मापं चाकांसकट धरतात. लेबलावरचे इंच पुष्कळदा चाकं सोडून असतात, म्हणून टेप सोबत न्या.

चौघांना चार मोठ्या बॅगा नकोत. 28 इंची रिकामी बॅगच चार-पाच किलो भरते, आणि कोकम, पापड, लोणचं कोंबलं की काटा 23 च्या पुढे जातोच. दोन मोठ्या, दोन 24 इंची पुरतात.

म्हापशाच्या बाजारात घ्या की मडगावात, पैसे चाकांवर घाला. बॅग सहसा तिथूनच मोडते. स्क्रूने बसवलेलं चाक बदलता येतं. रिव्हेटचं, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्याचं, काढायला रिव्हेट फोडावी लागते. दांडा पूर्ण ओढून हलवा, फार डुगडुगला तर सोडून द्या. कडक कवचात दोन प्लास्टिकं दिसतात: पॉलिकार्बोनेट दाबाखाली वाकून पूर्ववत होतं, निव्वळ एबीएस लवकर तडकतं. कापडी बॅग असेल तर चेन जाड हवी. रंगाबिंगाचं नंतर पाहू.

आपल्याकडे पावसाळ्यात माळ्यावरच्या बॅगेला बुरशी धरते आणि आतला रबरी लेप चिकट होऊन सुटतो. सिलिका जेलच्या पुड्या घाला, उघडीप मिळाली की बॅग उघडून वारा द्या. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच.