ई-पुस्तक गेलं तर कपाटात फट दिसत नाही

छापील पुस्तक हरवलं की कपाटात फट दिसते. ई-पुस्तक गेलं तर काहीच दिसत नाही. ग्रंथालयाच्या तालिकेतली (कॅटलॉगमधली) नोंद तशीच असते, मुखपृष्ठ तसंच असतं, फक्त लिंक दाबल्यावर पुस्तक उघडत नाही. विद्यापीठ ग्रंथालयात ई-पुस्तकांचं काम माझ्याकडे आलं, त्याच वर्षी सत्राच्या मध्यावर एक विद्यार्थिनी देवघेव विभागात आली. अभ्यासक्रमाला लावलेलं पुस्तक काल उघडत होतं, आज उघडेना. प्रकाशकाने ते वर्गणीच्या पॅकेजमधून काढून घेतलं होतं. करारात तशी मुभा होती, आणि तो करार मी वाचलाच नव्हता.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की पुस्तकांची यादी पाहण्याआधी करार वाचा. वर्गणी म्हणजे भाडं. शीर्षकं येतात आणि जातात. ‘कायमचा हक्क’ विकत घेतला तरी पुस्तक विक्रेत्याच्या प्लॅटफॉर्मवरच असतं, तेव्हा तो प्लॅटफॉर्म बंद पडला तर प्रत कुठून मिळेल हे विचारायलाच हवं. पोर्टिको किंवा लॉक्स यांसारख्या जतनव्यवस्थेत ती पुस्तकं ठेवली आहेत का, तेही पाहा. एका वेळी किती जणांना वाचता येईल, किती पानं उतरवून घेता येतील, बाहेरून आलेल्या वाचकाला ग्रंथालयात बसून वाचता येईल का, या ओळी सहसा शेवटच्या पानांत असतात. वाचकाची अडचण मात्र नेमकी तिथूनच सुरू होते.

सगळ्यात जास्त वेळ नोंदींवर जातो, आणि तो द्यावाच. विक्रेता हजारो मार्क नोंदींची, म्हणजे संगणकाला वाचता येणाऱ्या ठरलेल्या नमुन्यातल्या तालिका-नोंदींची, फाइल एकदम पाठवतो. ती प्रणालीत घालण्याआधी प्रत्येक नोंदीत त्या पॅकेजचा स्वतःचा एक संकेत घाला. वर्गणी संपली की त्या संकेतावर शोध घेऊन सगळ्या नोंदी एकत्र काढता येतात. संकेत नसेल तर एकेक वेचत बसावं लागतं. नोंदीतल्या ८५६ या क्षेत्रात पुस्तकाचा इंटरनेटवरचा पत्ता असतो. त्याच्या पुढे प्रॉक्सीचा, म्हणजे बाहेरून वाचणाऱ्याला ग्रंथालयामार्फत आत नेणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता हाताने लिहू नका, तो प्रणालीला जोडू द्या. नाहीतर प्रॉक्सीचा सर्व्हर बदलला की सगळ्या लिंक एकदम मोडतात. छापील आणि ई-आवृत्तीचे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे ओळख क्रमांक, वेगळे असतात. ते एकमेकांत मिसळले की एकच पुस्तक दोनदा विकत घेतलं जातं, आणि हे मी होताना पाहिलं आहे.

पॅकेजमध्ये आज काय आहे हे कळण्यासाठी केबार्ट नमुन्यातली, म्हणजे पॅकेजमधली शीर्षकं आणि त्यांचे पत्ते ठरलेल्या रकान्यांत देणारी, यादी मागवा. नीसो या अमेरिकेतल्या माहिती-मानकं ठरवणाऱ्या संस्थेची ही शिफारस २०१० पासून आहे. दर महिन्याला नवी यादी मागच्या यादीशी ताडून पाहिली की गेलेली शीर्षकं लगेच समोर येतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याने वाचकाच्या आधी आपल्याला कळतं.

वापराचे आकडे वाचायला मला बराच काळ लागला. पूर्वी एखादा प्लॅटफॉर्म अख्खं पुस्तक एकदा मोजायचा आणि दुसरा प्रत्येक प्रकरण वेगळं, त्यामुळे तुलना करताच येत नसे. जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या काउंटर संहितेच्या, म्हणजे ई-साहित्याचा वापर कसा मोजायचा याच्या सामाईक नियमांच्या, पाचव्या आवृत्तीत वाचकाने प्लॅटफॉर्म एका वेळी वापरताना प्रत्येक शीर्षक एकदाच मोजणारा आकडा आला. तुलनेसाठी तोच घ्या. माझ्या लेखी त्याहून मोलाचा त्याच संहितेतला अहवाल टीआर-बी२, म्हणजे नाकारलेल्या मागण्यांचा. त्यात दोन कारणं वेगळी दिसतात: परवान्याची वाचकसंख्या भरली होती, किंवा पुस्तकाचा परवानाच नव्हता. पहिल्या कारणाचे आकडे परीक्षेच्या आधी वाढले तर एकावेळी एकच वाचक हा परवाना पुरत नाही, एवढं उघड होतं. वापर न झालेल्या पुस्तकांवर बैठकांत बरंच बोललं जातं. दारातून परत गेलेल्या वाचकांबद्दल कुणी विचारत नाही, तेव्हा हा अहवाल आपणच बैठकीत मांडायचा.

मागणीनुसार खरेदीची पद्धत नव्यांना मोहात पाडते. पुस्तकं तालिकेत दिसतात आणि कुणी ठरावीक प्रमाणात वाचलं तरच पैसे जातात. ती चांगली आहे, फक्त निधी संपला की न घेतलेल्या पुस्तकांच्या नोंदी त्याच दिवशी काढाव्या लागतात.

सत्र सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात मी विभागांकडून अभ्यासक्रमाच्या याद्या मागवते आणि प्रत्येक लिंक ग्रंथालयाच्या बाहेरच्या इंटरनेटवरून स्वतः उघडून पाहते. आतल्या नेटवर्कवर सगळंच उघडतं. प्रॉक्सीतली चूक बाहेरूनच कळते.