डोळ्यात कुसळ गेलं? स्वस्तातला उपचार महागात पाडणाऱ्या या चुका टाळा

मळणीत ज्वारीचं कुसळ, ऊसतोडीत पाचटाची कड, भाताचा कोंडा. शेतात डोळ्याला काही ना काही लागतंच. पाणी मारलं, कुसळ निघालं, माणूस पुन्हा कामाला लागतो. पण बुबुळावर ओरखडा उठला असेल तर मातीतली, पाल्यावरची बुरशी त्यातून आत शिरते. फ्युजेरियम आणि अस्परजिलस या त्यातल्या नेहमीच्या. जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त डोळ्यांना हा संसर्ग होतो असा अंदाज आहे, आणि त्यात मोठा वाटा आपल्यासारख्या उष्ण देशांचा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन ‘डोळा लाल झालाय, ड्रॉप द्या’ म्हणणं. नाहीतर आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली घरात असतेच. त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. दोन दिवस लाली उतरते, ठणका कमी होतो आणि माणूस खूश होतो. आत मात्र शरीराचा पहारा उठलेला असतो, बुरशीला रान मोकळं. माझ्या मते हा आजार बिघडवण्यात कुसळापेक्षा या बाटलीचा हात मोठा आहे.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात: मध, एरंडेल, निरसं दूध, अंगावरचं दूध, पाल्याचा रस यातलं काहीही डोळ्यात घालू नका. जिभेनं कण काढू नका. डोळ्यावर पट्टीही बांधू नका, उबेत आणि ओलाव्यात जंतूंचं फावतं.

बुरशी सावकाश वाढते. मार लागल्यावर काही दिवसांनी बुबुळावर करडा-पांढरा, पिसासारख्या विसकटलेल्या कडांचा डाग दिसू लागतो. ‘फूल पडलं, आता काय होणार’ म्हणून घरी बसणारे पुष्कळ आहेत. पण हे जुनं फूल नव्हे, ही ताजी जखम असते आणि तिच्यावर औषध आहे.

ते औषध सुरू करण्याआधी जखमेची खरवड तपासून घ्यायला हवी. डोळा बधिर करून जखमेच्या कडेचा कण काचपट्टीवर घेतात, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे बहुतेक वेळा तिथल्या तिथे दिसतात. ही तपासणी फार खर्चाची नाही. ती टाळून आठवडाभर अँटिबायोटिक घातलं, तर तो आठवडा फुकट जातो, कारण बुरशीवर ते चालत नाही.

मुख्य औषध नॅटामायसिन ५ टक्के. २०१७ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याचा साका तळाशी बसतो, म्हणून प्रत्येक वेळी बाटली नीट हलवायची. न हलवता घातलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. थेंबानंतर पांढरा साका डोळ्यात दिसतो, त्याला पू समजून घाबरू नका. सुरुवातीला दर तासाला थेंब लागतो आणि उपचार साधारण तीन आठवडे तरी चालतो. बाटली संपली किंवा लाली गेली म्हणून आपल्या मनानं थांबू नका.

‘भारी औषध द्या डॉक्टर’ हा आग्रहही सोडा. दक्षिण भारतातल्या ३२३ रुग्णांच्या चाचणीत (२०१३) नॅटामायसिनची तुलना व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाच्या थेंबांशी झाली. बुबुळाला भोक पडलं किंवा तातडीनं बुबुळ बदलावं लागलं, असे रुग्ण व्होरिकोनॅझोलच्या गटात ३४ होते, नॅटामायसिनच्या गटात १८.

नॅटामायसिन मिळत नाही तिथे काही देशांत क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के या जंतुनाशकाचे थेंब वापरतात. नेपाळमधल्या चाचणीत ते नॅटामायसिनपेक्षा कमी पडलं, तरी पर्याय म्हणून त्याचं नाव येतं. पण आपल्याकडे गुळण्या करायच्या बाटलीवरही हेच नाव आणि हाच आकडा असतो! ते डोळ्यासाठी बनवलेलं नाही, चुकूनही घालू नका.

डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत घातलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. ओरडा बसेल म्हणून स्टेरॉइडची बाटली घरी ठेवून जाऊ नका. डॉक्टरांना नेमकी तीच बघायची असते.