फोटोची बॅकग्राउंड काढताय? या चुका टाळा

बेळगावात शहापूरला माझं फ्लेक्स डिझाइनचं काम आहे. शिकायला येणारी पोरं जिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडतात आणि पहिल्यांदा फझी सिलेक्टच धरतात, म्हणजे एका क्लिकवर सारख्या रंगाचा भाग निवडणारं टूल. भिंतीवर क्लिक, डिलीट, झालं काम! याच घाईचा मला राग आहे.

मागं खानापूरकडच्या एका आजोबांचा श्रद्धांजलीचा फलक आला होता. फोटो चुना मारलेल्या भिंतीपुढं काढलेला, डोक्यावर पांढरी टोपी. शिकाऊ पोरानं थ्रेशोल्ड, म्हणजे किती वेगळ्या छटा निवडीत घ्यायच्या ते, वाढवत नेला आणि भिंतीबरोबर टोपीची कडही गेली. पारदर्शक भाग दाखवणाऱ्या राखाडी चौकटींवर ते कुणाला दिसलं नाही. गडद निळ्यावर सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स छापून आला, तेव्हा टोपीला कपाळापर्यंत निळं खिंडार. त्यांचा मुलगा काहीच बोलला नाही, नुसता बघत उभा राहिला. रात्री बसून मी तो फलक पुन्हा बनवला.

तेव्हापासून टोपी, फेटा, खांदे मी पाथ टूलनंच, म्हणजे कडेनं बिंदू टाकत रेघ आखून, कापतो. दोनशे टक्के झूम, कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून बिंदू, शेवटी एन्टर मारला की सिलेक्शन तयार. वीस मिनिटं जातात, जाऊ देत. फोटोखाली एक काळी आणि एक पांढरी लेअर (थर) ठेवून दोन्हींवर कड तपासल्याशिवाय फाइल छपाईला सोडत नाही.

दुसरं, इरेजर. पुसलेलं गेलं ते गेलंच. त्याऐवजी लेअर मास्क लावा, तो भाग न पुसता नुसता झाकतो. काळ्या ब्रशनं झाकतं, पांढऱ्यानं परत येतं. केसांना तर मऊ ब्रशनं मास्कच हवा, पाथनं कापलेले केस टोपासारखे दिसतात.

डिलीट केल्यावर पारदर्शक न होता रंगच भरला जातोय? लेअरला अल्फा चॅनल जोडा, पारदर्शकता त्यातच साठते.

जेपीजीत पारदर्शकता राहत नाही, पीएनजी करा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर कडा आधीच फुटलेल्या येतात.

एका क्लिकमध्ये बॅकग्राउंड काढून देणाऱ्या साइट पासपोर्ट फोटोला चालतील. लग्नाच्या फोटोत त्यांनी नथीचे मोती आणि झुबे खाल्लेले मी कितीदा परत बसवलेत.

आणि एक्ससीएफ, म्हणजे लेअर-मास्कसकट जिम्पची मूळ फाइल, उडवू नका. वर्षश्राद्धाला घरची माणसं तोच फोटो मागायला येतात.