मेवनमध्ये 'इनव्हॅलिड टार्गेट रिलीज: 17' येतंय? माझा अनुभव

विंडोजवर जावा 17 टाकलं, टर्मिनलमध्ये जावाचं व्हर्जन विचारलं तर 17 च दाखवतंय, पण मेवनने (जावा प्रोजेक्ट बिल्ड करणारं टूल) बिल्ड मारला की 'इनव्हॅलिड टार्गेट रिलीज: 17' आणि बिल्ड फेल. मेवन परत टाकून पाहिलं, डॉट एम2 (.m2) फोल्डरमधली रिपॉझिटरी, म्हणजे मेवनने उतरवलेल्या लायब्ररींचा साठा, उडवून सगळे जार (लायब्ररी फाइल्स) पुन्हा उतरवले, एरर तोच. जाम वैताग आला होता.

सुटलं ते असं. आधी टर्मिनलमध्ये 'एमव्हीएन -व्ही' (mvn -v) मारा आणि 'जावा व्हर्जन'ची ओळ बघा, माझ्याकडे तिथे 1.8, म्हणजे जावा 8, होतं. नुसती जावा कमांड पाथमधून (विंडोज कमांड शोधतं त्या फोल्डरांची यादी) सापडते, पण मेवन आधी जावा_होम (JAVA_HOME, जावा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारं व्हेरिएबल) बघतं आणि ते जुन्या जेडीके 8 (जावाचं डेव्हलपमेंट किट) कडे बोट दाखवत होतं. मग विंडोजच्या सेटिंगमधलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स उघडून जावा_होमला जेडीके 17 चं मुख्य फोल्डर द्या, शेवटी आतलं बिन (bin) फोल्डर लावायचं नाही. त्याच विंडोत वर यूजरचे आणि खाली सिस्टिमचे व्हेरिएबल असतात, दोन्हीकडे जावा_होम असेल तर यूजरचंच चालतं, म्हणून वरचं जुनं आधी डिलीट करा (हे कुणी सांगत नाही!). ओके करा, टर्मिनल बंद करून नवीन उघडा कारण आधीच उघड्या टर्मिनलला बदल कळत नाही. परत 'एमव्हीएन -व्ही', 17 दिसलं की बिल्ड.

मॅकवर होमब्रूने (सॉफ्टवेअर टाकायचं टूल) मेवन टाकलं असेल तर ते स्वतःचं ओपनजेडीके (मोफत जेडीके) सोबत आणतं, जावा_होम सेट नसेल तर मेवन तेच उचलतं, तिथे डॉट झेडएसएचआरसी (.zshrc, टर्मिनलच्या सेटिंगची) फाइलमध्ये जावा_होम एक्सपोर्ट करा. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज (update-alternatives) कमांडने जावा बदललं तरी आधी सेट केलेलं जावा_होम तसंच राहतं, ते वेगळं बदलावं लागतं.