नवी रॅम बसवल्यानंतर मेमरीच्या चुका येत असतील तर

लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलेल्या रस्त्यावरून, रॅम विकत आणायची, संध्याकाळी संगणक उघडून ती बसवायची आणि दुसऱ्या दिवशी निळा पडदा पाहून तीच रॅम पिशवीत घालून पुन्हा ग्रँट रोड स्टेशन गाठायचे, हा क्रम मुंबईत अनेकांच्या वाट्याला आलेला आहे. दुकानदार ती स्टिक आपल्या यंत्रावर लावून दाखवतो, तिथे ती व्यवस्थित चालते आणि ग्राहक गोंधळून घरी परततो. यात कोणी खोटे बोलत असतेच असे नाही. मेमरीची चूक स्टिकमधून, स्लॉटमधून, मदरबोर्डमधून, प्रोसेसरच्या आत असलेल्या मेमरी कंट्रोलरमधून किंवा बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममधील, एखाद्या सेटिंगमधून येऊ शकते, आणि पडद्यावर मात्र या सर्वांचे लक्षण सारखेच दिसते. म्हणून दोष कुठे आहे हे घरीच, पुराव्यासह ठरवावे आणि मगच दुकानाची वाट धरावी.

लक्षणे ओळखणे फारसे अवघड नाही. विंडोजच्या निळ्या पडद्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ किंवा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’ अशी वेगवेगळी नावे आलटून पालटून येत असतील, झिप फाइल उघडताना सीआरसीची, म्हणजे फाइल जशीच्या तशी न राहिल्याची, चूक दिसत असेल, किंवा मोठा प्रोग्राम इन्स्टॉल होता होता दर वेळी निराळ्या ठिकाणी अडत असेल, तर संशय मेमरीवर घ्यावा. बिघडलेला ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम, बहुधा एकच तक्रार पुन्हा पुन्हा करतो. बिघडलेली मेमरी तक्रारी बदलत राहते.

परंतु संगणक बंदच पडत नाही, तेव्हा धोका अधिक असतो. माझ्या परिचयातील, प्रभादेवीला डीटीपीचे काम करणाऱ्या एका बाईंनी दिवाळी अंकाच्या कामासाठी रॅम वाढवली. त्यांचा संगणक एकदाही अडकला नाही, पण तयार झालेल्या पीडीएफमध्ये मधूनच एखाद्या चित्राची पट्टी सरकलेली दिसू लागली. दोन दिवस फाँटवर आणि प्रिंटरवर संशय घेण्यात गेले. मेमरी तपासली तेव्हा दुसऱ्या फेरीत चुका दिसल्या. तोवर त्यांनी रोजच्या सवयीने बॅकअपही घेतला होता आणि चांगल्या फाइलींवर खराब फाइली चढल्या होत्या. तेव्हा मेमरीचा संशय येताच महत्त्वाचे काम थांबवावे, आणि जुना बॅकअप असलेली डिस्क काढून बाजूला ठेवावी.

तपासणीला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. विंडोजमध्ये डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवावी, कारण बायोसमध्ये बदल केल्यावर संगणक ती मागू शकतो आणि की नसेल तर आतील माहिती हाती लागत नाही. दुसरे म्हणजे एक वही घ्यावी आणि कोणती स्टिक, कोणता स्लॉट, कोणता वेग व काय निष्पन्न झाले हे दर वेळी नोंदवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि मग तो परत येतो.

आधी बसवणी तपासा

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारच्या डेस्कटॉप स्टिकना २८८ पिना असतात, पण त्यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही आणि जोर लावून बसवू पाहिल्यास स्लॉट तुटतो. लॅपटॉपच्या लहान स्टिकमध्ये डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२ पिना असतात. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डावर तपासलेल्या रॅमची यादी असते, ती एकदा पाहावी. आपली रॅम त्या यादीत नसली म्हणजे ती चालणार नाही असे नव्हे, पण यादीत असेल तर एक शंका कमी होते.

संगणक पूर्ण बंद करून प्लग काढावा, त्यानंतर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जाईल. लॅपटॉप असेल तर बॅटरीची जोडणीही सोडवावी. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत वायरिंग जुने असून अर्थिंगचा भरवसा नसतो, तेव्हा प्लग काढलेल्या कॅबिनेटच्या, रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच स्टिक उचलावी. आपले शरीर आणि कॅबिनेट एकाच पातळीवर आले की स्थिर विजेचा धोका बराच कमी होतो. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी. वातानुकूलित जागेतून आणलेली थंड वस्तू बाहेरच्या दमट हवेत येताच तिच्यावर बाष्प जमते, म्हणून पाकीट न उघडता तासभर खोलीत ठेवावे.

नवीन रॅमच्या चुकांमध्ये अर्धवट बसलेली स्टिक ही फार नेहमीची आणि सर्वांत सोपी बाब आहे. दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन क्लिप ‘खट्’ आवाजाने मिटली पाहिजे. काही मदरबोर्डांत एकाच बाजूला क्लिप असते, आणि तिथे क्लिप नसलेली बाजू किंचित वर राहून गेल्याचे लक्षातही येत नाही. दोन स्टिक असतील आणि स्लॉट चार असतील, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. त्यांवर ए२ आणि बी२ असे लिहिलेले असते. शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये लावलेली जोडी बहुधा एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच मार्गावर, जाते, वेग घटतो आणि कधी कधी चुकाही येतात.

आपल्याकडे रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याची जुनी पद्धत आहे आणि ती करून यंत्र सुरू झाल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात. नव्या स्टिकवर मात्र ती करू नये असे माझे ठाम मत आहे. त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, घासण्याने तो झिजतो आणि रबराचा भुसा स्लॉटमध्ये पडतो. बोटाचा तेलकट डाग लागला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पट्ट्या पुसाव्यात आणि वाळू द्याव्यात. प्रत्यक्षात नव्या स्टिकपेक्षा कित्येक वर्षे रिकामा पडलेला स्लॉटच जास्त घाण असतो, आणि समुद्राजवळच्या घरांत खारट हवेने तिथे गंजही धरतो. तो स्लॉट हवेच्या फवाऱ्याने साफ करावा, तोंडाने फुंकू नये.

पहिली सुरुवात आणि मूळ वेग

नवी रॅम लावल्यावर पडदा काळा राहिला म्हणून लगेच बटण दाबून बंद करू नये. मदरबोर्ड नव्या मेमरीशी वेळेचा मेळ बसवत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि डीडीआर५च्या यंत्रांत त्याला पहिल्या खेपेस काही मिनिटे लागू शकतात. यासाठी मी पंधरा मिनिटे थांबतो. त्यानंतरही बोर्डावरचा डीरॅम लिहिलेला दिवा पेटलेलाच राहिला, तर एकच स्टिक ठेवून पुन्हा प्रयत्न करावा आणि तरीही नाही जमले तर बोर्डाच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे सीमॉस साफ करावा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणावी.

संगणक सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचे तयार प्रोफाइल, बंद करावे. एएमडीच्या नव्या बोर्डांवर त्याच जागी एक्स्पो असते, काहींवर डीओसीपी असे नाव असते. रॅमच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा पुष्कळदा या प्रोफाइलचा असतो, आणि तो मिळेलच अशी हमी प्रोसेसर किंवा बोर्ड देत नाही. डीडीआर४चे मूळ व्होल्टेज १.२ असते, पण प्रोफाइल चालू केले की ते बहुधा १.३५ होते, डीडीआर५चे मूळ व्होल्टेज १.१ आहे. मूळ वेगाला चुका थांबल्या तर स्टिक बहुधा खराब नाही, मागितलेला वेग त्या यंत्राला झेपत नाही. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ३२००ची रॅम घेतली आणि सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये १६०० दिसले, म्हणजे फसवणूक झाली असे नसते. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, त्यामुळे तो प्रोग्राम ठोके मोजतो आणि खोक्यावर त्याच्या दुप्पट आकडा लिहिलेला असतो.

खरी चाचणी

विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक नावाचे साधन आधीपासून असते. ते सुरू झाल्यावर एफ १ दाबून विस्तारित चाचणी निवडावी. निकाल पाहण्याची संधी हुकली तर तो इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टीमच्या नोंदींत सापडतो. त्याने चूक दाखवली तर चूक आहेच, पण त्याने काही दाखवले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. खरा भरवसा पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्ट८६ किंवा मुक्त स्रोत असलेल्या मेमटेस्ट८६ प्लस यांवर ठेवावा. हे प्रोग्राम विंडोज सुरू न होता चालतात, म्हणून जवळजवळ संपूर्ण मेमरी तपासू शकतात. पेन ड्राइव्ह सुरू होत नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे लागते. मेमटेस्ट८६च्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात; रॅम जितकी जास्त तितका वेळ जास्त, म्हणून रात्री चाचणी लावून झोपणे सोयीचे पडते. निकाल मात्र सकाळी नीट वाचावा: एक जरी चूक आली तरी ती चूकच मानावी. ‘लाखोंमधली एकच तर आहे’ असे म्हणून तो संगणक कामाला घेऊ नये, कारण ती एक जागा उद्या कोणाच्या हिशेबात किंवा छायाचित्रात येईल हे कोणालाच ठरवता येत नाही. एकच अपवाद करता येतो. मेमटेस्ट८६मध्ये फक्त १३ क्रमांकाच्या हॅमर चाचणीत चुका आल्या आणि बाकी सर्व चाचण्या स्वच्छ निघाल्या, तर नेहमीच्या वापरात त्रास होण्याची शक्यता कमी असते. तरीही नवी स्टिक असेल तर मी ती बदलूनच घेईन.

चुका मूळ वेगालाही येत असतील तर खरी पारख सुरू होते. पहिली स्टिक एकटीच ए२ स्लॉटमध्ये लावून चाचणी घ्यावी, मग ती काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरी लावावी, आणि त्यानंतर चांगली ठरलेली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये तपासावी. चूक स्टिकबरोबर फिरत असेल तर दोष स्टिकचा. कोणतीही स्टिक लावली तरी एकाच स्लॉटमध्ये चूक येत असेल तर दोष स्लॉटचा, बोर्डाचा किंवा प्रोसेसरच्या सॉकेटचा. प्रोसेसरवरचा कूलर नुकताच काढून बसवला असेल, तर त्याचे स्क्रू सर्व बाजूंनी सारखे आवळले आहेत का हे पाहावे, कारण असमान दाबाने सॉकेटमधील संपर्क बिघडून मेमरीचा एक चॅनेलच गायब झाल्याची उदाहरणे घडतात. अनेक लॅपटॉपांत थोडी रॅम बोर्डावरच पक्की जोडलेली असते. नवी स्टिक काढूनही चुका राहिल्या तर त्या बहुधा तिथल्या आहेत.

दोन्ही स्टिक एकट्या चांगल्या चालतात आणि एकत्र लावल्या की चुका देतात, ही अवस्था लोकांना सर्वांत जास्त थकवते. जुन्या स्टिकला नवी जोडली असेल तर याचा अर्थ बहुधा एवढाच, की दोघींवरच्या चिप आणि त्यांच्या कामाच्या वेळा (टायमिंग) वेगळ्या आहेत. एकाच कंपनीचे नाव आणि सारखा आकडा असूनही आतली चिप बदललेली असू शकते. चार स्टिक लावल्यास कंट्रोलरवरचा भार आणखी वाढतो. एएमडीने रायझन ७००० मालिकेसाठी दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० एवढाच अधिकृत वेग दिला आहे, यावरून तो भार किती असतो हे लक्षात यावे. अशा वेळी वेग एक-दोन पायऱ्या खाली आणून पुन्हा पूर्ण चाचणी घ्यावी. केवळ चूक घालवण्यासाठी व्होल्टेज वाढवत जाण्याचा मार्ग मी सुचवणार नाही.

बायोसची नवी आवृत्ती पुष्कळदा मेमरीची सुसंगती सुधारते, पण ती चुका देणाऱ्या रॅमवर टाकू नये. तपासून चांगली ठरलेली एकच स्टिक ठेवून, मूळ वेगाला आणि शक्य असल्यास यूपीएसवर ते काम करावे.

चुका थांबल्यानंतर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएफसी स्कॅननाउ (sfc /scannow) ही आज्ञा चालवावी, म्हणजे दरम्यानच्या काळात बिघडलेल्या विंडोजच्या फाइली दुरुस्त होतील. त्या दिवसांत तयार केलेल्या स्वतःच्या फाइली मात्र एकेक उघडूनच पाहाव्या लागतात.

आणि दोष स्टिकचाच निघाला, तर चुकांच्या आकड्यांसह मेमटेस्टच्या पडद्याचे छायाचित्र काढावे, त्यासोबत स्टिकवरील सिरियल क्रमांकाचे आणि बिलाचे छायाचित्र ठेवावे. दुकानाची बदलून देण्याची मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते, ती संपली की कंपनीच्या सेवा केंद्राकडे जावे लागते; म्हणून चाचणी रॅम बसवल्याच्या पहिल्याच रात्री घ्यावी. जोडी म्हणून विकत घेतल्या असतील तर दोन्ही स्टिक सोबत न्याव्यात, कारण त्या सहसा जोडीनेच बदलून मिळतात, आणि नवी जोडी घरी आली की तिचीही चाचणी त्याच रात्री लावावी.